टोपलीचा भाव करायचा कसा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून देतोय. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा वाटतो. आठवडी बाजारात, यात्रेत, रस्त्याच्या कडेला कुणी हातानं केलेली वस्तू विकत बसलंय. आपण भाव करायचा की नाही?

यावर मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, निम्म्यापासून सुरुवात करा, नाहीतर लुटतात. दुसरा म्हणतो, मॉलमध्ये गपचूप पैसे देता, मग गरिबाशी घासाघीस कशाला? मला विचाराल तर दोन्ही अर्धवट आहेत. कारण दोघंही समोर कोण बसलंय आणि वस्तू कशी बनलीये, हे बघतच नाहीत. आज तेवढंच बघू.

मी बोलतोय बडनेऱ्यातून. मुंबई-नागपूर-हावडा लाइनवरचं जंक्शन. इथून अमरावतीचा छोटा फाटा निघतो. रुळाच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती. त्यामुळे आजची उदाहरणं वऱ्हाडातली. तुम्ही नाशिकात असा नाहीतर नांदेडात, हिशोब तोच लागू होतो.

इतवारा म्हणजे काय भाऊ?

अमरावतीत इतवारा आहे, बुधवारा आहे. नागपुरात इतवारी, बुधवारी, मंगळवारी. आज ही नुसती मोहल्ल्यांची नावं वाटतात, पण ती बाजाराच्या वारावरून पडलीत. ‘इतवार’ म्हणजे आदित्यवार, म्हणजेच रविवार. शहर वाढलं, बाजार रोजचा झाला, वार नावात राहून गेला.

गावाकडे मात्र वार अजून जिवंत आहे. एका गावाचा बाजार सोमवारी, शेजारच्याचा बुधवारी, त्यापुढच्याचा शुक्रवारी. असे वेगवेगळे वार असल्यानं एकच विक्रेता आठवड्यात चार-पाच बाजार करू शकतो. कपडेवाला, मसालेवाला, चपलावाला, सगळे असेच फिरतात. ज्या गावात रोज दुकान चालणार नाही, तिथे आठवड्यातून एक दिवस सगळं मिळतं. मोठा खर्च न करता माल गावोगाव पोचवायची ही जुनी आणि हुशार पद्धत आहे.

आणि सगळेच बाजार खरेदीपुरते नसतात. मेळघाटात दिवाळीनंतर जे आठवडी बाजार येतात, त्यांना घुंगरू बाजार म्हणतात. गुरं राखणारे थाट्या लोक सजून, बासरी-ढोलाच्या तालावर बाजारात नाचतात. सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास सुरू होऊन जानेवारी सरेपर्यंत चालते. मातीच्या हंडीत चुलीवर शिजवलेल्या मटणासाठी ती प्रसिद्ध. म्हणजे हंडी हवी, म्हणजे कुंभार हवा. सणाचंही तसंच. पोळा आला की बैलांच्या झुली, घुंगरू, वेसण, कासरे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणून पोरांसाठी लाकडी नाहीतर मातीचे बैल. अखजीला नवी घागर. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला फडा. आपल्याकडे हातची वस्तू शोकेससाठी नव्हतीच. ती कामाला आणि सणाला लागते म्हणून बनत होती, आणि म्हणूनच टिकली.

समोर नेमकं कोण बसलंय?

बाजारात हातची वस्तू विकणारे ढोबळमानानं तीन प्रकारचे असतात.

पहिला, स्वतः करणारा. बुरूड, कुंभार, लोहार. दोर, फडे, खाटेची नवार घेऊन बसणारी माणसं. दुसरा, करणाऱ्याकडून ठोक घेऊन विकणारा. यात गैर काही नाही, प्रत्येक कारागिराला बाजारात दिवस घालवणं परवडत नाही. तिसरा, कारखान्यातला माल आणून त्याला ‘हॅण्डमेड’ म्हणणारा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

ओळखायचं कसं? माझ्या काही खुणा आहेत.

बघा, करणाऱ्याच्या बाजूला काम पडलेलं असतं. बुरूड बाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा विणत असते, बाजूला कोयता आणि बांबूच्या पट्ट्या असतात. दोन वस्तू एकमेकींसारख्या असतात, पण तंतोतंत नसतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे विचारा, “हे तुटलं तर दुरुस्त होईल का?” करणारा लगेच सांगतो, कुठून तुटतं आणि कसं बांधायचं. तिसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, “तुटतच नाही साहेब, गॅरंटी!”

एका टोपलीचा हिशोब

एका बाजारात मी एका बुरूड मावशीजवळ बराच वेळ बसलो होतो. तिची परवानगी घेऊन काही बोलणं टिपून ठेवलं. थोडं तिच्याच भाषेत सांगतो.

मी विचारलं, “मावशी, दिवसात किती टोपल्या होतात?”

“हात चालला त तीन. बांबू बरा निंगाला पाह्यजे पन. सुकेल आला त फाटते.”

“आणि लोक भाव करतात?”

“करते न बाप्पा. म्हंते, पलास्टिकचं टोपलं साठ रुपयात येते. म्या म्हनलं, येते त घे.”

मी हसलो, तीही हसली. मग म्हणाली, “पन संध्याकाळी मलेच द्या लागते. घरी वापस नेऊन काय करू? गाडीभाडं त पाह्यजे.”

आता हिशोब करू. खालचे आकडे मी गणित समजावं म्हणून घेतलेत. तुमच्या बाजारात वेगळे असतील.

समजा, टोपलीचे १५० रुपये सांगितले. त्यात बांबूचे ४० गेले. बाजारात यायचं भाडं आणि बसायची पावती, याचा एका टोपलीवर पडणारा वाटा १५. हो, पावती. बाजारात बसायचे पैसे लागतात. ग्रामपंचायत नाहीतर नगरपरिषद ही वसुली करते, पुष्कळदा लिलावानं ठेका देऊन. विक्री होवो न होवो, पावती फाडावी लागतेच.

म्हणजे १५० मधून ५५ गेले, हातात राहिले ९५. दिवसाच्या तीन टोपल्या धरल्या तर २८५ रुपये. आता हा आकडा शेजारी ठेवा: २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे टोपली पूर्ण भावानं गेली तरी विणणारीला खड्डे खोदण्याच्या मजुरीइतकेही सुटत नाहीत. आणि विणकाम शिकायला वर्षं लागतात.

आता तुम्ही गेलात आणि १५० ची टोपली १०० ला आणली. घरी सांगितलं, ‘एक तृतीयांश भाव पाडला.’ पण बांबूचे ४० आणि भाडं-पावतीचे १५ काही कमी झाले नाहीत. ते आधीच खर्च झालेत. कमी झाली फक्त मजुरी. ९५ ची ४५ झाली. तुमचा भाव तेहतीस टक्क्यांनी उतरला, तिची मजुरी निम्म्याहून जास्त गेली.

आजच्या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. करणाऱ्याशी भाव करताना आपण नफा कापत नाही, मजुरी कापतो. व्यापाऱ्याचं तसं नाही. ९० ची पिशवी आणून त्यानं २०० सांगितले असतील, तर तुम्ही १५० ला घेतली तरी त्याला ६० सुटतात. त्यानं भाव करणं धरूनच किंमत सांगितलेली असते. तिथे बिनधास्त भाव करा, तो खेळ दोघांना माहीत असतो.

मग बांबू स्वस्त का मिळत नाही?

कुणी म्हणेल, वऱ्हाडाच्या डोक्यावर मेळघाटाचं अख्खं जंगल आहे, बांबूला काय कमी? इथे कायद्याचा एक मजेदार भाग आहे.

शास्त्रानुसार बांबू म्हणजे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं त्याला ‘झाडा’च्या व्याख्येत घातलं. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही परवान्याची भानगड मागे लागायची. ही व्याख्या २०१७ मध्ये बदलली आणि जंगलाबाहेरच्या बांबूवरची ती अडचण दूर झाली. म्हणजे नव्वद वर्षं गवत कागदावर झाड होतं.

जंगलातल्या बांबूचं वेगळं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे ज्यांना सामूहिक वनहक्क मिळाला त्या गावांचा त्यावर हक्क आला. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा अधिकार मिळाला, तेव्हा देशभर बातमी झाली होती. पण बडनेऱ्या-अमरावतीसारख्या ठिकाणी राहणारा बुरूड जंगलात राहत नाही. त्याला बांबू विकतच घ्यावा लागतो. नोंदणी असलेल्या बुरुडांना वनखात्याकडून सवलतीत बांबू द्यायची पद्धत आहे, पण तो डेपोतून आणायचा खर्च आहेच. शिवाय टोपलीला हवा ओला, लवचिक बांबू. वेळेवर नाही आला तर मावशी म्हणाली तसं, ‘फाटते’.

मेळघाटात यावर वेगळ्या बाजूनं काम झालं. धारणी तालुक्यातल्या लवादा गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू कारागिरांना नुसतं टोपली-सुपावर न ठेवता फर्निचर, शोभेच्या वस्तू, बांबूची घरं इथपर्यंत नेलं. तिथल्या बांबूच्या राख्या तर दूरवर जातात. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, पण त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या हिशोबाशी जुळते. टोपली आणि राखी यांचं कच्चं सामान एकच. राखीला मूठभर बांबू लागतो आणि टोपलीपेक्षा मजुरीचा वाटा जास्त मिळू शकतो. कारागिराचं उत्पन्न वाढवायचा हा एक रस्ता आहे.

चांगली वस्तू ओळखायची कशी?

पूर्ण भाव द्यायचा तर वस्तूही चोख पाहिजे. दया म्हणून घेऊ नका, पारखून घ्या. करणाऱ्यालाही पारखणारं गिऱ्हाईक आवडतं.

*सूप-टोपली.* उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दाट हवी. काठ आणि कोपरे दाबून बघा, तिथेच आधी सुटतं. तळाशी पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर ठेवून द्या, त्यात भुंगा लागलाय. बांबूतल्या पिठूळ भागावर तो जगतो. म्हणूनच जाणकार बांबू कधी तोडलाय हे विचारतात.

*माठ-घागर.* बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली, बद्द वाजलं तर तडा आहे नाहीतर कच्चा राहिलाय. आणि थंड पाणी हवं असेल तर ऑइलपेंट मारलेला माठ घेऊ नका. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं. रंगानं ती छिद्रंच बुजतात. मग उरते फक्त शोभा.

*सतरंजी.* अकोला जिल्ह्यातल्या अकोटच्या सतरंज्यांचं नाव इंग्रजांच्या काळापासून आहे. हातमागाची सतरंजी उलटी करून बघा, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. एका बाजूलाच नक्षी असेल तर ती छापलेली समजा. ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग उतरतो का ते लगेच कळेल.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरात चिचिकास्तेनांगो नावाचं गाव आहे. नाव म्हणायला जड आहे, पण बाजार अगदी आपल्यासारखा, ठरलेल्या वारी भरणारा. गुरुवार आणि रविवार. आसपासचे माया लोक भाजी, फुलं, मेणबत्त्या, कापड घेऊन येतात. तिथल्या बायका एक माग वापरतात, ज्याचं एक टोक खांबाला नाहीतर झाडाला आणि दुसरं टोक विणणारीच्या कमरेला बांधलेलं असतं. त्यावर विणलेल्या झग्याला उइपिल म्हणतात. एकेक करायला महिने जाऊ शकतात. आणि त्याच बाजारात, त्याच नक्षीचं छापील कापडही मिळतं. टुरिस्टला फरक कळत नाही, मग तो हाताच्या मालाचा भाव मशीनच्या मालाशी लावतो. ‘पलास्टिकचं टोपलं साठ रुपयात येते’ हे वाक्य तिथे स्पॅनिशमध्ये बोललं जातं, एवढंच.

तिथल्या विणकर बायका यावर कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये ग्वाटेमालाच्या घटनात्मक न्यायालयानं संसदेला सांगितलं की या नक्षींवरच्या सामूहिक हक्कासाठी कायदा करा. पनामानं तर २००० मध्येच असा कायदा केला. तिथल्या गुना जमातीच्या बायका कापडाचे थर एकावर एक लावून, वरचे कापून, ‘मोला’ नावाचं काम करतात. त्याच्या नकलेवर या कायद्यानं बंधन आणलं.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही पाहिलाच. आपण सगळ्यांनी तेव्हा रील टाकले, संताप केला. बरोबरच होतं. पण बाजारात बसलेल्या मावशीच्या टोपलीवर कुठला शिक्का नसतो. तिचा भाव प्राडा नाही पाडत, आपण पाडतो.

मग करायचं काय?

मी स्वतः हे नियम पाळतो. पटले तर घ्या.

एक, आधी विचारा ‘कोण करतं?’ आणि मग ‘किती वेळ लागतो?’ भाव नंतर. वेळ कळला की किंमत महाग आहे की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळतं.

दोन, करणाऱ्यालाही माहीत असतं की लोक भाव करतात, म्हणून तोही थोडं वाढवून सांगतो. हे नाकारायचं कारण नाही. पण एकदाच विचारा, “मावशी, बरोबर भाव सांगा, मी घासाघीस करत नाही.” मग जो आकडा येईल त्यावर घ्या नाहीतर हसून पुढे जा. परत-परत ताणू नका.

तीन, सूट हवी तर जास्त घ्या. दोन सुपं, तीन टोपल्या. तिचं भाडं, पावती तेवढंच राहतं, माल मोकळा होतो. अशी सूट तिच्या मजुरीला फार झोंबत नाही.

चार, बाजार मोडताना जाऊन हातच्या वस्तूचा भाव पाडू नका. मेथीची जुडी उद्या सडणार असते, तिचा भाव संध्याकाळी उतरतो ते ठीक. टोपली सडत नाही. संध्याकाळी ती स्वस्त होते कारण विकणारीला गाडीभाडं हवं असतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तो हरी आपण करू नये.

पाच, फोटो-रील काढायच्या आधी विचारा. आणि काढलात तर खाली ‘व्हायब्स’ लिहून सोडू नका. कुठला बाजार, कोणता वार, वस्तू कशी वापरायची, साधारण किती रुपये, हे लिहा. त्यानं गिऱ्हाईक येतं.

सहा, दुरुस्ती करून घ्या. सुपाचा काठ सुटला तर फेकू नका, पुढच्या बाजारात घेऊन जा. दुरुस्तीत सामान कमी, मजुरी जास्त. म्हणजे तुमचेही पैसे वाचतात आणि तिलाही बरे सुटतात.

मावशीला मी शेवटी विचारलं होतं, पोरगी शिकते का हे काम?

म्हणाली, “पोरगी? ते त मोबाईलच्या दुकानात लागली. महिन्याच्या महिन्याले पगार येते तिले. हे काहाले शिकन ते?”

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पोरीनं बरोबरच केलं. कला टिकवायची जबाबदारी कारागिराच्या पोरांवर टाकून आपण वीस रुपयांसाठी ताणत बसलो, तर तो हिशोब जमणार नाही. टोपली विणून दुकानातल्या पगाराइतके सुटले तर कुणीतरी पोरगी ती विणेल. नाही सुटले तर नाही विणणार.

तर या आठवड्यात तुमच्या गावच्या बाजाराचा वार आईला नाहीतर आजीला विचारा. जा, एका करणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोला आणि वर केला तसा हिशोब तुमच्या बाजारातल्या आकड्यांनी करून बघा. बांबू केवढ्याला, पावती केवढ्याची, दिवसात किती वस्तू होतात. व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोंदी पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. आणि पाठवताना एवढं नक्की सांगा, तुमच्या बाजारात दिवसाची मजुरी किती निघाली?

भेटू मग. रामराम!